जीवशास्त्रज्ञ व्हायचंय? बारावीपासून पीएच.डी.पर्यंतची वाट, टप्प्याटप्प्याने

नीटचा निकाल लागला की बी.एस्सी.च्या प्रवेशासाठी एक मोठा गट कॉलेजांच्या खिडक्यांवर येतो. त्यातल्या अनेकांच्या डोक्यात 'मेडिकल हुकलं, आता हेच' एवढाच विचार असतो आणि पुढची तीन वर्षं त्याच मनःस्थितीत निघून जातात. याचं वाईट वाटतं, कारण जीवशास्त्रज्ञाचा पेशा डॉक्टरकीपेक्षा अगदी वेगळा आहे. त्याची तयारी वेगळी, परीक्षा वेगळ्या, पगाराचं गणितही वेगळं. ज्यांना हे काम मनापासून करायचं आहे त्यांनी कधी काय करावं, कुठे चुका होतात आणि का, ते इथे क्रमाने मांडलं आहे.

आधी काम कसं असतं ते पाहा

जीवशास्त्रज्ञाचा बहुतेक वेळ मोजण्यात, नोंदी करण्यात, फसलेला प्रयोग पुन्हा लावण्यात आणि लिहिण्यात जातो. नवं काही हाती लागल्याचा दिवस वर्षातून एखादाच उगवतो. त्या एका दिवसासाठी बाकीचे दिवस सोसणारे लोक या क्षेत्रात थकतात. ज्यांना मोजण्याच्या कामातच गोडी वाटते ते टिकतात.

कामाच्या ढोबळ चार तऱ्हा आहेत. पहिली प्रयोगशाळेची: पेशी, जिवाणू, डीएनए, प्रथिनं. पुण्यातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र (एनसीसीएस), भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था (आयसर), राष्ट्रीय विषाणू संस्था (एनआयव्ही), खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, हैदराबादचं पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्र (सीसीएमबी) ही त्याची ठिकाणं. दुसरी मैदानातली: जंगलं, सडे (उघडे कातळमाळ), नद्या, किनारे. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था, मुंबईची १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस), गोव्यात दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिसरी वर्गीकरणाची: नमुने गोळा करणं, ओळखणं, नाव देणं, जपून ठेवणं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्हींची प्रादेशिक केंद्रं पुण्यात आहेत, शिवाय आघारकर संशोधन संस्था आहे आणि मुंबईत झेवियर्स कॉलेजचं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह. चौथी तऱ्हा संगणकावरची: जनुकीय माहितीचं विश्लेषण, साथीचं किंवा प्राणिसंख्येचं गणिती प्रारूप.

यातलं काय आवडेल हे घरी बसून ठरत नाही. 'मला वाघांवर काम करायचंय' म्हणणाऱ्या अनेकांना प्रत्यक्षात रोज पहाटे साडेचारला उठून दहा किलोमीटर चालत विष्ठेचे नमुने गोळा करणं झेपत नाही. उलट, जंगलाचं वेड घेऊन आलेला एखादा संगणकापुढे रमतो. म्हणून बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांत या चारही तऱ्हांची थोडी थोडी चव घ्या, निवड त्यानंतर करा.

बारावी आणि पहिला प्रवेश

बायो घेतलं म्हणून गणित सोडू नका, ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. गणिताची भीती वाटून पीसीबी घेतलेल्यांना पुढे संख्याशास्त्र, जनुकशास्त्र, लोकसंख्या-परिस्थितिकी (पॉप्युलेशन इकॉलॉजी) या सगळ्याच विषयांत अडखळायला होतं. झेपत असेल तर पीसीएमबी घ्या. गणित सुटलंच असेल तर बी.एस्सी.त असताना संभाव्यता, लॉगॅरिदम आणि प्राथमिक कॅल्क्युलस स्वतः शिकून घ्या.

थेट संशोधनाकडे जाणारा रस्ता आयसरचा. देशात सात आयसर आहेत. पुण्याचं २००६ साली सुरू झालं. तिथल्या पाच वर्षांच्या बी.एस.-एम.एस.साठी आयएटी ही परीक्षा असते: तीन तास, ६० प्रश्न, जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिकी प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. बारावीत या चारपैकी किमान तीन विषय असावे लागतात, पण पेपरमध्ये चारही येतात. नीटची तयारी केलेल्यांचे पहिले दोन विषय इथे चांगले जातात आणि गणितात हात रिकामा राहतो. त्या १५ प्रश्नांपैकी सहा-सात जरी आले तरी बराच फरक पडतो, त्यामुळे बारावीनंतरचे शेवटचे काही आठवडे दहावी-अकरावीच्या गणिताला द्या. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातलं सीईबीएस या मूलभूत विज्ञानाच्या दोन संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे.

इथे प्रवेश मिळाला नाही म्हणून वाट संपत नाही. पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगरच्या साध्या बी.एस्सी.तून आलेले कितीतरी लोक आज संशोधन करत आहेत. विषय निवडताना एक सांगणं: पहिल्या पदवीला 'बायोटेक' या नावाला भुलू नका. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांत जीवाची ओळख पक्की होते, तंत्र नंतरही शिकता येतं. कॉलेज बघायला जाल तेव्हा प्रयोगशाळा दाखवायला सांगा. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) चालू आहे का, सूक्ष्मदर्शक किती विद्यार्थ्यांत एक, मायक्रोपिपेट (अगदी थोडा द्रव मोजून उचलायचं साधन) विद्यार्थ्यांच्या हाती देतात की कपाटात कुलूपबंद असतात, हे तीन प्रश्न माहितीपत्रकातल्या सगळ्या फोटोंपेक्षा जास्त सांगून जातात.

हात तयार करणं

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. एम.एस्सी. होऊन आलेल्या मुलामुलींनाही साधी द्रावणं बिनचूक करता येत नाहीत, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकू येते. त्याचं कारण सरळ आहे: प्रॅक्टिकलला शिपाईमामांनी द्रावणं आधीच करून ठेवलेली असतात, पाच जणांच्या गटात एक जण प्रयोग करतो आणि बाकीचे रीडिंग उतरवून जर्नल सर्टिफाय करून घेतात.

पहिली गोष्ट द्रावण. ९५ टक्के अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचं १०० मिलिलीटर करायचं असेल तर ७० गुणिले १०० भागिले ९५, म्हणजे ७३.७ मिलिलीटर मोजनळीत घ्या आणि पाणी घालत १०० च्या खुणेपर्यंत आणा. आधीच १०० मिलिलीटर पाणी घेऊन त्यात अल्कोहोल ओतणं ही नेहमीची चूक. क्षाराच्या बाबतीतही तेच: १ मोलर सोडियम क्लोराईडचं ५०० मिलिलीटर द्रावण हवं तर २९.२२ ग्रॅम मीठ साधारण ४०० मिलिलीटर पाण्यात पूर्ण विरघळवा, मग ५०० पर्यंत भरा. सामू (पीएच) जुळवायचा असेल तर तोही शेवटचं पाणी भरण्याआधी. ट्रिस बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवायला वापरतात त्या द्रावणात, आणखी एक खोच आहे. त्याचा सामू तापमानाबरोबर बदलतो. २५ अंशांना ८.० वर आणलेलं ट्रिस ४ अंशांच्या शीतकपाटात साधारण ८.६ होतं. थंडीत केलेला प्रयोग 'कारण नसताना' फसतो तेव्हा हे आठवा. बाटलीवर नाव, तीव्रता, सामू, तारीख आणि स्वतःची आद्याक्षरं लिहिल्याशिवाय ती बाटली ओट्यावर ठेवू नका.

दुसरी गोष्ट मायक्रोपिपेट. दट्ट्याला दोन थांबे असतात. पहिल्या थांब्यापर्यंत दाबून टिप द्रवात दोन-तीन मिलिमीटर बुडवायची, पिपेट उभी धरायची आणि अंगठा सावकाश सोडायचा. सोडताना, म्हणजे दुसऱ्या भांड्यात द्रव टाकताना, दुसऱ्या थांब्यापर्यंत जायचं. घेतानाच दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबलं तर द्रव जास्त येतो. अंगठा झटक्यात सोडला तर हवेचा बुडबुडा येऊन द्रव कमी भरतो आणि थेंब वर दांड्यात शिरतो. नवी टिप लावल्यावर त्याच द्रवाने एकदा आत-बाहेर करून ओली करा, नाहीतर पहिलं माप कमी पडतं. २० ते २०० मायक्रोलीटरची पिपेट त्या मर्यादेपलीकडे फिरवली की तिचं मोजमाप बिघडू शकतं. टिपमध्ये द्रव असताना पिपेट कधीही आडवी ठेवू नका.

आपला हात बसला आहे का, हे तपासायची सोपी युक्ती: ०.१ मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या तराजूवर छोटं भांडं ठेवा आणि १०० मायक्रोलीटर पाणी दहा वेळा टाकून दरवेळी वाढलेलं वजन लिहा. प्रत्येक वेळी १०० मिलिग्रॅमच्या अगदी जवळ यायला हवं. सगळी वजनं एकमेकांच्या एका मिलिग्रॅमच्या आत आली तर हात स्थिर आहे. वजनं एकमेकांच्या जवळ आहेत पण सगळीच ९५ च्या आसपास येत असतील, तर दोष बहुधा पिपेटचा आणि ती दुरुस्तीला पाठवायची. वजनं विखुरलेली असतील तर दोष आपल्या अंगठ्याचा.

ग्रॅम रंजन, म्हणजे जिवाणूंचे दोन गट रंगावरून ओळखायची पद्धत, सगळ्यांनीच केलेली असते, पण त्यातली कळीची पायरी फार थोड्यांना उमगलेली असते. क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोलने धुणं जेमतेम दहा-पंधरा सेकंद, शेवटी सॅफ्रानिन अर्धा ते एक मिनिट. सगळा निकाल त्या दहा-पंधरा सेकंदांवर अवलंबून असतो. जास्त धुतलं तर ग्रॅम पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात. २४ तासांपेक्षा जुनं कल्चर घेतलं तरी तेच होतं, कारण म्हाताऱ्या पेशींच्या भिंती रंग धरून ठेवत नाहीत. म्हणून ओळख पटलेला एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह जिवाणू त्याच काचपट्टीवर शेजारी ठेवा. ते बरोबर रंगले तरच मधल्या अनोळखी जिवाणूचा रंग खरा माना. हीच सवय पुढे पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या तंत्राला, लागते: डीएनए न घातलेल्या नळीत पट्टा दिसला तर बाकी सगळे पट्टे, कितीही सुंदर असले तरी, टाकून द्यायचे.

मैदानातलं काम

मैदानात पहिलं हत्यार वही. पेन्सिलीने किंवा पावसात न पसरणाऱ्या शाईने लिहायची. प्रत्येक नोंदीत तारीख, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ठिकाण, जीपीएस अक्षांश-रेखांश, हवा, निरीक्षकाचं नाव आणि पद्धत. 'काही दिसलं नाही' हीसुद्धा नोंद आहे. शून्य लिहिलं नाही तर त्या दिवशी तुम्ही गेलाच नव्हता की जाऊनही पक्षी दिसला नाही, हे सहा महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही.

कोकणातल्या कातळसड्याचं उदाहरण घेऊ. जुलै ते सप्टेंबरमध्ये इथे गेंद, सीतेची आसवं अशा इवल्या वनस्पतींचे थर येतात. त्या मोजायच्या तर पीव्हीसी पाइपची १ बाय १ मीटरची चौकट करा, आतून दर दहा सेंटिमीटरवर सुतळी बांधून शंभर घरं पाडा. झुडपांसाठी ५ बाय ५ आणि झाडांसाठी १० बाय १० मीटरचे चौरस दोरीने आखतात. चौकट टाकायची जागा आधीच नकाशावर यादृच्छिक (रँडम) आकड्यांनी ठरवा. खांद्यावरून मागे फेकून 'यादृच्छिक' टाकतो म्हणणाऱ्यांची चौकट हमखास फुलांच्या गालिच्याजवळ पडते, कारण कुठे उभं राहून फेकायचं हे डोळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं. मग सडा आहे त्यापेक्षा जास्त बहरलेला ठरतो. किती चौकटी पुरेत? प्रत्येक चौकटीनंतर एकूण जातींची संख्या आलेखावर मांडत जा. पाच-सहा चौकटींत एकही नवी जात मिळाली नाही आणि रेषा आडवी झाली की त्या जागेपुरतं थांबायला हरकत नाही.

नमुना घ्यायचा तर फूल किंवा फळ असलेला घ्या, गवत असेल तर मुळासकट. पाकळ्यांचा रंग, वास, चीक हे सुकल्यावर जातं, त्यामुळे तिथेच लिहून ठेवा. वर्तमानपत्रात दाबलेले नमुने पावसाळ्यात रोज नव्या कागदात बदलावे लागतात. दोन दिवस आळस केला तर बुरशी येते, पानं काळी पडतात आणि गळतात. हर्बेरियमचा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा असतो. उंच झाड असेल तर फांदी त्या मापाची निवडा आणि झाडाची उंची, साल, खोडाचा घेर वहीत उतरवा.

सड्यावर दगड उचलताना हात नाही, काठी वापरा. फुरसं हा विषारी साप दगडाखालीच बसतो. गमबूट घाला, एकट्याने जाऊ नका, जवळचं प्रतिसर्पविष कुठल्या सरकारी रुग्णालयात मिळतं ते निघण्यापूर्वी विचारून ठेवा. भाताच्या खाचरांतून आणि ओढ्यांतून पायाला जखम असताना चालू नका, लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो. गावच्या लोकांना काम काय चाललंय ते सांगा. जमीन त्यांची असते आणि त्यातली अर्धी झाडं त्यांना तुमच्याआधीपासून ओळखता येतात.

परवानगीशिवाय काहीही गोळा करू नका. अभयारण्यात संशोधनासाठी जायलाही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. महाराष्ट्रात हे कार्यालय नागपूरला आहे. अनुसूची १ मधल्या प्राण्याला पकडायचं असेल तर केंद्राची पूर्वपरवानगी लागते. यात महिनोन्‌महिने जाऊ शकतात. पावसाळ्यातलं काम असेल तर अर्ज आदल्या दिवाळीत गेलेला बरा. प्रयोगशाळेत उंदीर वापरायचे तर संस्थेच्या प्राणी नीती समितीची मान्यता, आणि नमुने परदेशी पाठवायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचे नियम.

आकडे आणि वाचन

संख्याशास्त्र 'नंतर कुणाकडून करून घेऊ' असं म्हणणाऱ्यांचं काम तिथेच फसतं, कारण चूक विश्लेषणात नसते, प्रयोग मांडण्यात असते. सहा कुंड्या घेतल्या, तीनमध्ये खत घातलं, तीनमध्ये नाही. प्रत्येक कुंडीतली दहा पानं मोजली आणि लिहिलं, 'नमुने प्रत्येकी ३०'. खत कुंडीला दिलं आहे, पानाला नाही. म्हणून नमुने तीनच. एकाच कुंडीतल्या पानांना एकच माती, एकच ऊन, एकच पाणी मिळतं, त्यामुळे ती दहा पानं स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या चुकीवर सविस्तर लिहिलं, तरी ती आजही प्रबंधांमध्ये सर्रास सापडते. मांडणी करतानाच कागदावर लिहा: उपचार कशाला दिला, आणि ते एकक किती आहेत.

आर (R) ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा फुकट मिळते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सुरुवात करा. रोज अर्धा तास, स्वतःच गोळा केलेल्या आकड्यांवर. कॉलेजच्या आवारातल्या झाडांचे घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर मोजून आणले तरी सरासरी, विचलन, आलेख आणि टी-चाचणीपर्यंतचा सगळा सराव होतो.

शोधनिबंध वाचताना आधी आकृत्या पाहा, मग पद्धती, मग निष्कर्ष, प्रस्तावना शेवटी. प्रत्येक आकृतीखाली स्वतःच्या शब्दांत मराठीत दोन ओळी लिहा. ज्या ओळी लिहिता येत नाहीत तिथे आपल्याला कळलेलं नाही. इंग्रजीची धास्ती असलेल्यांना ही पद्धत विशेष उपयोगी पडते. आठवड्याला एक निबंध नीट वाचला तरी पदवीपर्यंत शंभरावर होतात.

उन्हाळी काम मिळवणं

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत तरी एखाद्या प्रयोगशाळेत दोन महिने काढा. तीन विज्ञान अकादमींची संयुक्त उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती आहे, तिचे अर्ज आदल्या वर्षीच निघतात. त्याशिवाय थेट शास्त्रज्ञांना ईमेल करणं हा चांगला मार्ग आहे, फक्त ते नीट लिहा.

विषयाच्या ओळीत काय हवं आणि कधी, ते सरळ लिहा: 'मे-जूनमध्ये उन्हाळी प्रकल्पासाठी विनंती, बी.एस्सी. द्वितीय वर्ष प्राणिशास्त्र'. आत दोनशे शब्द पुरेत. तुम्ही कोण, त्यांचा कोणता निबंध वाचलात आणि त्यातला कोणता प्रश्न तुम्हाला पडला, कोणतं काम हाताने येतं (पिपेटिंग, जेल, पक्षी ओळख, आर, जे खरं असेल ते), नेमक्या तारखा. सोबत एका पानाचा बायोडेटा. 'आदरणीय सर' असं लिहून चाळीस जणांना एकच पत्र पाठवलं तर ते चाळीसही जण ओळखतात, आणि त्यातल्या काही 'सर' बाई असतात. नोव्हेंबर ते जानेवारीत पाठवा, दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा, उत्तर नाही आलं तर पुढे जा. दहा मनापासून लिहिलेल्या पत्रांत एक-दोन होकार आले तरी ते यशच.

तिथे गेल्यावर स्वतःची वही ठेवा, पहिल्या आठवड्यात भांडी धुवायला सांगितली तर नीट धुवा आणि समजलं नाही तर त्याच दिवशी विचारा. पुढच्या सगळ्या अर्जांना लागणारं शिफारसपत्र या दोन महिन्यांतून येतं.

एम.एस्सी. आणि नेट

एम.एस्सी.साठी आयआयटी आणि इतर काही संस्थांना जॅम, जैवतंत्रज्ञान विभागाच्या सहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांना गॅट-बी, केंद्रीय विद्यापीठांना सीयूईटी-पीजी. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात (एनसीबीएस) वन्यजीवांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम दोन वर्षांतून एकदा भरतो. पुण्यात आबासाहेब गरवारे महाविद्यालयात जैवविविधतेचं पदव्युत्तर शिक्षण आहे. प्रवेश घेताना प्रबंधाला किती महिने देतात, हे जरूर विचारा. सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर संशोधनाची खरी चव मिळत नाही.

संशोधनाची अधिछात्रवृत्ती आणि प्राध्यापकीची पात्रता ठरवणारी सीएसआयआर-यूजीसी नेट जीवविज्ञान ही परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीन तास, २०० गुण. भाग 'अ'मध्ये २० पैकी १५ प्रश्न (३० गुण), 'ब'मध्ये ५० पैकी ३५ (७० गुण), 'क'मध्ये ७५ पैकी २५ (१०० गुण). चुकीला २५ टक्के वजा. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत आणि सगळे करायला जाणारा बहुधा एकही पक्का करत नाही. 'क' भागात तीनातला एकच प्रश्न सोडवायचा असतो, म्हणून सात-आठ घटक खोलवर करा. त्यात 'पद्धती' हा तेरावा घटक असायलाच हवा, कारण त्याचे प्रश्न बाकीच्या घटकांतही मिसळून येतात. 'अ' भाग म्हणजे शाळेतलं अंकगणित आणि तर्क, तिथले ३० गुण सोडणं परवडणारं नाही. 'क'मध्ये चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उरलेल्यांतून निवडणं सरासरीने फायद्याचं ठरतं.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं, दोन वर्षांनी वरिष्ठ (एसआरएफ) ४२,०००, एकूण पाच वर्षं. जैवतंत्रज्ञान विभागाची (डीबीटी) बेट, आयसीएमआरची जेआरएफ, गेट (जीवविज्ञान, जैवतंत्रज्ञान किंवा परिस्थितिकी-उत्क्रांती) आणि टीआयएफआर-एनसीबीएसची जेजीबिल्स या इतर वाटा. राज्याच्या बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (इतर मागास आणि भटके-विमुक्त) या संस्थाही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रं जाहिरात निघण्याआधीच तयार ठेवा. यात नेहमी अडतं ते वैधता प्रमाणपत्रच.

पीएच.डी.: विषयाआधी गाईड

विषय बदलता येतो, गाईड बदलणं महाकठीण. म्हणून प्रवेशापूर्वी त्या प्रयोगशाळेतल्या सध्याच्या विद्यार्थ्यांना बाहेर चहाला भेटा आणि विचारा: मागचे तीन जण किती वर्षांत बाहेर पडले, आज ते कुठे आहेत, निबंधावर पहिलं नाव कुणाचं असतं, प्रकल्पाचा निधी कधी संपतो, सुट्टी मागितली तर काय होतं. उत्तर देताना त्यांनी मागे वळून दारात कुणी आहे का पाहिलं, तर तीही माहितीच आहे.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार किमान तीन आणि कमाल सहा वर्षं. चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर एम.एस्सी.शिवायही अर्ज करता येतो, पण त्या एम.एस्सी.च्या दोन वर्षांत जो हात बसतो तो सोडू नये असं आमचं मत आहे. अधिछात्रवृत्ती पाच वर्षांचीच असल्याने मनातलं वेळापत्रक पाचाचंच ठेवा. दुसऱ्या वर्षाअखेर एक मुख्य आणि एक राखीव प्रश्न हातात हवा. राखीव प्रश्न म्हणजे मुख्य प्रयोग कोसळला तरी ज्यातून प्रबंधाचं एक प्रकरण नक्की निघेल असा. पैसे कधी तीन-चार महिने उशिरा येतात, तेवढ्या खर्चाची सोय बाजूला ठेवा. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी तर हे पहिल्या महिन्यापासून करावं.

प्रबंध जाडजूड हवा असा समज इथे फार आहे. कमला सोहोनी यांनी १९३९ साली केंब्रिजला सादर केलेला प्रबंध चाळीसेक पानांचा होता. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनाला लागणारं प्रथिन असल्याचं त्यांनी दाखवलं आणि विज्ञानात ब्रिटिश विद्यापीठाची पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. त्याआधी १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत त्यांना केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटून बसल्या, अटींवर प्रवेश मिळवला आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या प्रमुख झाल्या.

पीएच.डी. न करता

प्रत्येकाने पीएच.डी. करावी असं मुळीच नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना लस आणि औषध कंपन्यांच्या गुणवत्ता विभागात काम मिळतं: निर्जंतुकता चाचणी, एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासणं, स्वच्छ खोल्यांतल्या हवेची तपासणी. मुलाखतीत हात पाहतात, म्हणजे पुन्हा तेच पिपेट आणि ग्रॅम रंजन, शिवाय नोंदींची शिस्त. तिथे खाडाखोड करायची तर एका रेघेने, सही आणि तारखेसह.

प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट (राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) लागते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं, पण कायम जागा कमी निघतात आणि पात्र लोक वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. हे माहीत असूनच या वाटेवर या, आणि सोबत दुसरं एखादं कौशल्य, विश्लेषण किंवा विज्ञानलेखन, जवळ ठेवा.

वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची आणि एमपीएससीच्या वनसेवेची परीक्षा देता येते. भारतीय वनसेवेच्या शारीरिक चाचणीत चार तासांत पुरुषांना २५ आणि स्त्रियांना १४ किलोमीटर चालावं लागतं.

आणखी एक काम वाढतं आहे, ते पर्यावरणीय आघात मूल्यांकनाचं. मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांना परिस्थितिकी आणि जैवविविधतेचा तज्ज्ञ ठेवावाच लागतो. या कामात दबाव असतो आणि तो सहसा वेळेच्या रूपाने येतो: 'पंधरा दिवसांत यादी द्या'. प्रकल्पाच्या पायाभूत नोंदी बऱ्याचदा पावसाळा वगळून एकाच हंगामात घेतल्या जातात. एप्रिलमध्ये कातळसडा पाहिला तर तो उजाड दगड दिसतो आणि अहवालात 'वनस्पती नगण्य' असं जातं. अशा वेळी पाहणीच्या तारखा अहवालाच्या पहिल्याच तक्त्यात लिहा, पावसाळ्यात येणाऱ्या जातींची पूर्वीच्या नोंदींवरून वेगळी यादी जोडा, आणि जून ते सप्टेंबरच्या पाहणीची शिफारस स्वतःच्या सहीने लेखी द्या.